लुंबिनीत तुमच्या नावाची पाटी : आमच्या धम्मयात्रेत झालेली फसवणूक

लुंबिनीत महाराष्ट्राचा विहार उभा राहतोय, ११,००० रुपये द्या, ग्रॅनाइटच्या पाटीवर तुमच्या आईवडिलांचं नाव कोरून घेऊ, असं सांगणारा यात्रेचा आयोजक दारात आला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. आमच्या वस्तीतल्या बायांचे पैसे याच बोलीवर गेलेत. त्यात माझ्या आईचेही आहेत. तो माणूस पुढच्या यात्रेसाठी पुन्हा गावोगाव फिरतोय, म्हणून सगळं तपशिलात लिहिते.

यात्रा होती बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी आणि श्रावस्तीची. माणशी १८,५०० रुपये, 'सगळं धरून'. आयोजक आपल्यातलाच. रविवारी विहारात वंदनेला बसायचा, त्रिशरण-पंचशील खणखणीत आवाजात म्हणायचा, प्रत्येक म्हातारीला 'माय' म्हणायचा. बायांनी बचतगटातून उचल घेऊन पैसे भरले. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये तब्येत साथ देत नसतानाही जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, हे माझ्या आईला तोंडपाठ. बुद्ध जिथे जन्मले त्या मातीवर एकदा डोकं टेकायचं, एवढीच तिची इच्छा. आईला एकटं कसं सोडायचं म्हणून मीही निघाले.

कुशीनगरपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. जेवण वेळेवर, गाडी बरी. माणसाचा विश्वास बसावा इतकं सगळं नीट चाललं होतं आणि तेच त्याला हवं होतं, असं आता वाटतं.

लुंबिनी नेपाळात. सोनौलीच्या भारत-नेपाळ सीमेवर गाडी थांबली. तो खाली उतरला, बऱ्याच वेळाने परत आला आणि म्हणाला, "नेपाळ सरकारने नवीन टॅक्स लावलाय, माणशी ७०० काढा." बायांनी निमूट काढले. खरी गोष्ट अशी, की भारतीय नागरिकाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही आणि माणशी असा कुठलाही कर नाही. तिथे 'भन्सार' म्हणजे सीमाशुल्क भरावं लागतं ते गाडीचं, जितके दिवस गाडी आत राहणार तितक्या दिवसांचं. तो खर्च तर 'सगळं धरून'मध्येच यायला हवा होता.

त्याच गर्दीत त्याने सगळ्यांकडून खर्चाचे पैसे गोळा केले आणि नेपाळी नोटा वाटल्या. आपल्या १,००० रुपयांचे त्याने १,३०० दिले. हे उघडं पडलं एका चहाच्या टपरीवर. आमच्या सोबतच्या एका मावशींनी भारतीय शंभराची नोट पुढे केली. टपरीवाल्या बाईने विचारलं, "आयसी?" मावशींना काही कळेना. बाईने नोट उलटून दाखवली, चहाचे पैसे वजा केले आणि बाकीचे नेपाळी रुपये एकेक करून मावशींच्या तळहातावर मोजले. मग बोटांवर हिशेब करून सांगितलं, शंभर आयसी म्हणजे एकशे साठ एनसी. आयसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. हा दर १९९३पासून तोच आहे. म्हणजे हजारामागे ३०० नेपाळी रुपये आयोजकाच्या खिशात गेले होते. त्या बाईला गिऱ्हाईक फसवणं किती सोपं होतं, पण तिने तसं केलं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

लुंबिनी फार मोठी आहे. जपानी वास्तुविशारद केन्झो तांगे यांच्या १९७८च्या आराखड्यानुसार हा सगळा परिसर साधारण तीन मैल लांब आणि एक मैल रुंद आहे. मायादेवी मंदिर, पुष्करिणी (तळं) आणि अशोकस्तंभ एका टोकाला. मधोमध कालवा, त्याच्या एका बाजूला थेरवादी आणि दुसऱ्या बाजूला महायान-वज्रयान परंपरेचे, देशोदेशींचे विहार. नवख्या माणसाला दिशा कळत नाही आणि मधले काही भूखंड गवत वाढलेले, मोकळे आहेत. आमच्या माणसाने नेमका याचाच फायदा घेतला.

संध्याकाळी ई-रिक्षात घालून त्याने आम्हाला अशाच एका मोकळ्या जागेवर नेलं. पिशवीतून फ्लेक्स काढला, दोन झाडांना सुतळीने बांधला. वर बुद्ध, बाबासाहेब आणि खाली तीन मजली विहाराचं चित्र. बाया हात जोडून उभ्या राहिल्या, त्याने त्रिशरण म्हणवून घेतलं, फोटो काढले. मग म्हणाला, बुद्धपौर्णिमेनंतर पाटीचा दर वाढणार, नाव आजच नोंदवा. आईने माझ्या वडिलांचं नाव सांगितलं. ते जाऊन काही वर्षं झालीत. पैसे फोनवरून त्याच्या स्वतःच्या खात्यावर गेले. नावं लिहून झाल्यावर त्याने सुतळी सोडली, फ्लेक्सची गुंडाळी केली आणि परत पिशवीत टाकला. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. स्वतःच्या जागेवरचा फलक कोणी घरी घेऊन जातं का?

आमचा मुक्काम 'थ्री स्टार हॉटेल'ऐवजी एका विहारात होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिथल्या भन्तेजींना गाठलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की इथे खोलीचं भाडं नसतं, ज्याला जमेल तसं त्याने दान पेटीत टाकावं. आमच्याकडून मात्र 'विहाराचं भाडं' म्हणून रात्रीचे माणशी ६०० वेगळे घेतले होते. जागेबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, इथला भूखंड कोणी खासगी माणूस विकत घेऊ शकत नाही. लुंबिनी विकास कोष देशांना आणि बौद्ध संस्थांना करार करून जागा देतो. कोणाला कुठली दिली, हे कोषाच्या कार्यालयात विचारलं की कळतं.

त्याच सकाळी आम्ही स्तंभापाशी गेलो. भगवान इथे जन्मले म्हणून सम्राट अशोकाने लुंबिनी गावाचा बळी नावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा आठवाच भाग घ्यायचा ठरवला, असं त्या दगडावर कोरलंय. तिथे उभं राहून मला सोनौलीचे ७०० रुपये आठवले आणि फार राग आला. श्रद्धावान माणसाला लुबाडणं या भागाला नवं नाही. १८९६ साली हा स्तंभ उजेडात आला तेव्हा त्या शोधाशी ज्याचं नाव जोडलं गेलं, त्या फ्यूरर या पुरातत्त्व अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातल्या ऊ मा या भिक्खूंना बुद्धाचे अवशेष म्हणून खोट्या वस्तू पुरवल्या होत्या. १८९८ मध्ये ते उघडं पडलं आणि त्याची नोकरी गेली.

घरी आल्यावर पावती नीट पाहिली. नावात 'आंतरराष्ट्रीय' आहे, नोंदणी क्रमांक नाही, पत्त्याच्या जागी फक्त मोबाईल नंबर. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टच्या पावतीवर नोंदणी क्रमांक असतो, तो बघायला शिका आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही दाखवा. दानाचे पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यावर पाठवू नका. सीमेवर कुठलाही 'टॅक्स' मागितला तर सरकारी पावती हातात घ्या. पैसे आयोजकाकडे न देता स्वतः बदला.

आयोजक आधी 'माय, काम चालू आहे' म्हणायचा, नंतर फोन उचलेनासा झाला. आम्ही पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली (फसवणूक) तक्रार दिली आहे. सोबत बँकेचा उतारा, पावती आणि फ्लेक्ससमोरचे फोटो जोडलेत. काही बाया अजून पुढे यायला तयार नाहीत. धम्माच्या कामाची बदनामी होईल, असं त्यांना वाटतं. बदनामी त्याने केली आहे, आपण नाही, हे मी त्यांना परत परत सांगते.

दोन झाडांमध्ये बांधलेला फ्लेक्स आणि तीन मजली विहाराचं चित्र असलेला फोटो तुमच्याकडेही आला असेल आणि तुमचेही पैसे गेले असतील, तर तो फोटो पुसू नका. पैसे फोनवरून गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा आणि आपल्या ठाण्यात स्वतःची वेगळी तक्रार द्या. एकाच माणसाविरुद्ध दोन-तीन जिल्ह्यांतून तक्रारी आल्या, तर 'यात्रेतला किरकोळ वाद' म्हणून कोणाला हात झटकता येणार नाहीत.