उपशामक सेवा शिकताना: व्हॉट्सॲप ग्रुप की आठवड्याची केस-चर्चा?

उपशामक सेवा म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा. तिचा कोर्स झालेला असतो, वेदनेवरच्या मॉर्फिनचे डोस पाठ असतात, तरी घरच्या पेशंटपाशी अडतंच. मुंबईत अशा वेळी डॉक्टर-नर्सकडे दोन सोयी असतात. एक म्हणजे सहकाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. दुसरी, इको (ECHO) पद्धतीची झूमवरची केस-चर्चा, म्हणजे ठरलेल्या वेळी एकेका पेशंटची केस तज्ज्ञ आणि सहकाऱ्यांपुढे मांडून चर्चा करायची. डॉ. संजीव अरोरा यांनी न्यू मेक्सिकोत २००३ मध्ये हिपॅटायटिस सी-साठी सुरू केलेली ही पद्धत आपल्याकडे उपशामक सेवेत पॅलियम इंडियासारख्या संस्था वापरतात.

सोयीच्या बाबतीत ग्रुपला तोड नाही. होमकेअरची नर्स कुर्ल्याहून कल्याणला जाताना लोकलमधूनही विचारू शकते. केस-चर्चेची वेळ ठरलेली, आणि नेमकी ओपीडी लांबते.

तरी माझं मत केस-चर्चेकडे फिरलं ते ग्रुपवरच्या अर्धवट प्रश्नांमुळे. ‘पेशंट गुंगीत, हातपाय झटकतोय, वेदना ७/१०. मॉर्फिन वाढवू का?’ एवढाच मेसेज. लगेच उत्तरं: डोस वाढवा, मिडॅझोलॅम (गुंगीचं औषध) द्या, फेंटॅनिलचा (त्वचेवर लावायच्या वेदनाशामकाचा) पॅच लावा. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती, लघवी होतेय का, हे कोणीतरी तासाभराने विचारतं. किडनी काम करत नसेल तर मॉर्फिनचे मेटाबोलाइट्स (शरीरात त्यापासून बनणारे पदार्थ) साचतात, गुंगी आणि झटके बहुधा त्यातूनच येतात. तिथे डोस वाढवला की त्रासही वाढतो. डोस कमी करायचा, दोन डोसांतलं अंतर वाढवायचं किंवा औषध बदलायचं. पॅचचा परिणाम जाणवायला १२ ते २४ तास लागतात. तोवर वेदनेचं काय, हे ‘पॅच लावा’ म्हणणारा क्वचितच लिहितो. पुढे कोणी सर्च केलं की हाती लागतं ते पहिलं, घाईचं उत्तर.

केस-चर्चेत आधी फॉर्म भरावा लागतो: निदान, चोवीस तासांतलं एकूण मॉर्फिन, मध्येच वेदना उसळल्याने जादा डोस किती वेळा लागला, क्रिएटिनिन, शौचाला शेवटचं कधी झालं, घरी सांभाळतं कोण, पेशंटला आजाराबद्दल किती माहीत आहे, आणि नेमका प्रश्न. पुष्कळदा फॉर्म भरतानाच उत्तर दिसू लागतं.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. ग्रुपवर सीनियर डॉक्टरांपुढे नर्स फारशा लिहीत नाहीत. केस-चर्चेत मात्र चर्चा चालवणारा चांगला असेल तर त्यांना नाव घेऊन विचारतो. मग कळतं की पेशंट चाळीत राहतो आणि संडास सामायिक आहे. बद्धकोष्ठतेवरचं बिसाकोडिल रात्री दिलं तर सहा ते बारा तासांनी, म्हणजे ऐन सकाळच्या रांगेत लागू पडतं. वेळ बदलायची की खोलीत कमोड खुर्ची ठेवायची, हे डॉक्टरांपेक्षा नर्स नेमकं सांगते.

अर्थात तुमच्या ड्युटीत ती वेळ बसतच नसेल तर ग्रुप वाईट नाही. फक्त वरचा फॉर्म तिथे पिन करून ठेवा. पेशंटचं नाव, केसपेपर नंबर, चेहऱ्याचा फोटो टाकू देऊ नका. रात्री श्वास लागलेल्या पेशंटसाठी मात्र दोन्हींची वाट पाहू नका, सीनियरला थेट फोन लावा.