पट्टीवर 43, आत 39

जुनी फोर बाय फोर जीप सांभाळणाऱ्यांनो, पुढचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) बदलायला गाडी गॅरेजात लावणार असाल तर आधी हे वाचा. माझे 28,000 रुपये गेले आणि ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी) थोडक्यात वाचली.

गाडी महिंद्राची जुनी सीजे-3बी. मागच्या-पुढच्या दोन्ही डिफरन्शियलचा रेशो 5.38, म्हणजे आतल्या क्राऊनला (मोठा गिअर) 43 दात, पिनियनला (लहान गिअर) 8; दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 5.38 फेरे. पुढचा क्राऊन-पिनियन घुमायला लागला होता. जीपच्या कामात नाव असलेला एक मिस्त्री म्हणाला, जुन्या बाजारातून अख्खं हाऊसिंगच (डिफरन्शियलची पेटी) आणतो, हबही (चाक आतल्या शाफ्टला जोडणारे, हाताने लॉक करायचे) झिजलेत, एका कामात दोन्ही उरकू. आणलं. कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी, तिच्यावर 43 आणि 8 ठोकलेले. बोट ठेवून दाखवलंन. मग फोर व्हील टाकून गॅरेजसमोरच्या डांबरी रस्त्यावर ट्रायल दिली. गाडी लोण्यासारखी चालली.

मेख तिथेच होती.

पावसाळ्यात पाटणकडे शेतावर जाताना चिखलात रुतलो. मागची चाकं जागच्या जागी फिरतायत, पुढची ढिम्म. दोन्ही हब लॉकवर. एकाचं झाकण उघडलं तर आतली सरकती दातेरी रिंग गायब, स्प्रिंगही गायब. दुसऱ्याची तीच गत. वरची मूठ फिरायची, कट्ट असा आवाजही यायचा, पण चाक आणि आतला शाफ्ट जोडले जातच नव्हते. मिस्त्री फोनवर म्हणाला, "जुना माल आहे साहेब, चालायचंच."

मला वाटलं, रिंगा काढून विकल्या असतील, भुरटेपणा. दुसरीकडून नवे हब बसवून घेतले. चिखलातून गाडी झकास निघाली. डांबरावर आलो आणि सरळ रस्त्यातच टायर किंचाळायला लागले, स्टिअरिंग जड झालं, लिव्हर फोर व्हीलमधून निघेना. (वळणावर थोडं आवळणं या गाड्यांना असतंच, सरळ रस्त्यावर नाही.) पुढचं एक चाक जॅकवर घेतलं. जमिनीवरून सुटल्याबरोबर ते गर्रकन फिरलं. हात जवळ असता तर बोटं गेली असती.

कव्हर काढून दात मोजले. क्राऊन 39, पिनियन 8. रेशो 4.88. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला हाच रेशो होता आणि डाना 25 चं (या जीपांच्या पुढच्या अ‍ॅक्सलचं मॉडेल) हाऊसिंग बाहेरून पाहून आतला रेशो कळत नाही. अशा जोडीत पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त पळायला बघतात. चिखलात टायर घसरून तो फरक खपून जातो, डांबरावर सगळा ताण ट्रान्सफरच्या गिअरवर येतो. पट्टी कोरडी, गंजलेली आणि तिच्यावरच्या बोल्टचा रंग ताजा. दुसऱ्या हाऊसिंगची उचलून लावलेली. पोकळ हब होते ते ट्रायलमध्ये हे उघडं पडू नये म्हणून. एवढं डोकं चालवणारा माणूस सरळ काम का करत नाही, देव जाणे.

हे पकडायला खडू पुरतो. गाडी सपाट जागी बंद करा, मागच्या चाकांना दगड लावा, ट्रान्सफर टू व्हीलवर, दोन्ही हब लॉकवर. पुढचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर टेकलेलं राहू द्या. चाकावर आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टवर (ट्रान्सफर केसपासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) खूण करा. चाक 20 वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एकच चाक फिरतंय म्हणून शाफ्ट रेशोच्या निम्माच फिरतो: 5.38 असेल तर जवळजवळ 54 भरतील, 4.88 असेल तर 49. एक-दोन फेऱ्यांत फरक कळत नाही, म्हणून 20. आणि शाफ्ट हललाच नाही, तर दोहोंपैकी एक हब तरी पोकळ आहे.

मिस्त्रीने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. "गाडी घरापर्यंत गेली ना?" हे त्याचं उत्तर. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण माझ्या हातात कच्च्या कागदावर लिहिलेलं "पुढचा माल" एवढंच आहे. तुम्ही पक्क्या बिलावर लिहून घ्या: क्राऊन 43, पिनियन 8, हब उघडून दाखवले. लिहायला टाळाटाळ केली तर गाडी तिथून काढा.