मिनॅक थिएटर, कॉर्नवॉल: कड्यावरच्या नाटकाला जाण्याआधी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, लँड्स एंडच्या अलीकडे पोर्थकर्नो नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या कड्यावरचं मिनॅक थिएटर फोटोंतून बहुतेकांना माहीत असतं. ग्रॅनाइटच्या उतारावर अर्धवर्तुळात उतरत गेलेले कट्टे, तळाशी रंगमंच आणि त्याच्यामागे पडद्याच्या जागी थेट समुद्र. लंडनहून आलेली मंडळी सहसा दिवसा तिकीट काढून आत जातात, तासाभरात फोटो काढून, कॉफी पिऊन पुढच्या ठिकाणाकडे निघतात. जागा सुंदर आहेच, पण ती बांधली गेली नाटकासाठी. वेळ एकाच गोष्टीला असेल तर दिवसाची फेरी सोडा आणि संध्याकाळचा प्रयोग पाहा. फक्त कोणता प्रयोग, कोणत्या महिन्यात आणि काय बरोबर घेऊन, हे आधी ठरवून जा. या तीन गोष्टी चुकल्या की तीन तास कुडकुडत समुद्राकडे बघत बसावं लागतं.

आधी नाटकाची निवड. मिनॅकची स्वतःची निर्मिती असते, पण हंगामाचा बराचसा भाग बाहेरून येणाऱ्या मंडळ्यांचा असतो. त्यात व्यावसायिक असतात, तसे हौशीही असतात आणि एकेका मंडळीचा मुक्काम साधारण आठवडाभराचा. त्यामुळे ‘मिनॅकला नाटक चांगलं असतं’ या वाक्याला अर्थ नाही. या आठवड्यात कोण करतंय, हे बघूनच तिकीट काढावं. दुसरं म्हणजे नाटकाची जात. इथे नटाची स्पर्धा समुद्राशी असते. मधेच मासेमारीची होडी जाते, सीगल ओरडतात, कधी डॉल्फिन दिसले की अर्ध्या प्रेक्षकांच्या माना तिकडे वळतात. उघड्यावर, दिवसाउजेडी खेळण्यासाठीच लिहिलेली नाटकं हे सगळं पचवतात. शेक्सपिअर आणि ग्रीक शोकांतिका इथे उठून दिसतात, आणि बंदिस्त नाट्यगृहासाठी लिहिलेल्या असल्या तरी गिल्बर्ट-सलिव्हन या इंग्रज जोडीच्या विनोदी संगीतिकाही. त्यातही ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ लागलं असेल तर सोडू नये. त्याचं कथानकच कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर घडतं, तेव्हा नेपथ्यकाराचं अर्धं काम निसर्गानेच केलेलं असतं. याउलट चेखव्हसारखं दिवाणखान्यातलं, पुटपुटत बोललं जाणारं नाटक इथे विरून जातं. दोन वाक्यांमधली शांतता इथे शांत नसतेच.

कोकणात देवळासमोरच्या मोकळ्या जागेत दशावतार पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. उघड्यावर नटाचा आवाज खणखणीत आणि हालचाल मोठी लागते.

महिन्याची निवड तितकीच महत्त्वाची, आणि नेमका हाच विचार लोक करत नाहीत. संध्याकाळचा प्रयोग साधारण साडेसातला सुरू होतो. जूनच्या मध्यात या भागात सूर्य मावळतो साडेनऊच्या सुमारास. म्हणजे मध्यंतरापर्यंत लख्ख उजेड, प्रकाशयोजना असून नसल्यासारखी. जादू, भुतं, रात्रीचे प्रसंग पहिल्या अंकात असलेलं नाटक जूनमध्ये फिकं वाटतं. तेच सप्टेंबरमध्ये पहिला अंक रंगेपर्यंत अंधार पडतो आणि दिव्यांच्या झोतात मागचा कडा काळाभोर दिसतो. मात्र थंडीही त्याच प्रमाणात वाढते. गर्दी, तिकिटं आणि राहण्याची सोय यांची सगळ्यात ओढाताण जुलै-ऑगस्टमध्ये, शाळांना सुट्टी असताना. जमत असेल तर कालनिर्णय काढून पौर्णिमेच्या आसपासची तारीख धरा. उन्हाळ्यातला पूर्ण चंद्र इथे आग्नेयेला, सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि फार वर न चढता समुद्रावरच राहतो. आभाळ स्वच्छ असेल तर प्रयोग चालू असताना तो समोरच दिसतो. आभाळ स्वच्छ असण्याची हमी कॉर्नवॉलमध्ये कोणी देत नाही, हा भाग वेगळा.

आता थंडीबद्दल, कारण भारतातून येणारे हमखास फसतात ते इथे. दुपारी पोर्थकर्नोच्या वाळूवर टी-शर्टवर फिरता येतं, म्हणून तसेच लोक वर येतात. उन्हाळ्यात सूर्य वायव्येला, म्हणजे पाठीमागच्या डोंगराआड जातो. त्यामुळे मावळायच्या बऱ्याच आधी कट्टे सावलीत जातात, समुद्रावरचा वारा सुरू होतो आणि खालचा दगड उष्णता ओढून घेऊ लागतो. ऑगस्टमध्येसुद्धा अंगात लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, पायात मोजे आणि बंद बूट हवेत. मांडीवर घ्यायला एक घोंगडी किंवा जाड शाल असली की दुसरा अंक निवांत पाहता येतो. बसायला जाड उशी न्याच. काही कट्ट्यांवर हिरवळ आहे, काही निव्वळ काँक्रीटचे, आणि दोन्हीवर तासाभरात कंबर बोलायला लागते. उशा आणि पाठीचे टेकू तिथे भाड्याने मिळतात, पण भरलेल्या प्रयोगाला त्यांच्या भरवशावर राहू नये.

पाऊस आला म्हणून प्रयोग थांबत नाही. रंगमंच निसरडा होऊन किंवा वारा इतका वाढून नटांच्या जिवाला धोका असेल तरच तो रद्द होतो. प्रेक्षागृहात छत्री उघडायला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे, कारण उतारावरच्या एका छत्रीने मागच्या तीन ओळींचं नाटक बंद होतं. टोपीचा पूर्ण रेनकोट आणि शक्यतो पावसाळी पँट आणा. प्रयोग रद्द झाला तर पैशांचं काय, हे तिकीट काढताना वाचून घ्या.

बसायची जागा साधारण साडेसातशे प्रेक्षकांची. तिकीट वरच्या किंवा खालच्या कट्ट्यांचं असतं. खालून चेहरे दिसतात, संवाद नीट पोहोचतात. वरून रंगमंच लहान दिसतो, पण पलीकडच्या लोगन रॉकच्या सुळक्यापर्यंतचा सगळा पट्टा नजरेत येतो. नाटकासाठी आला असाल तर खालची जागा घ्या, पण खाली जाणाऱ्या पायऱ्या उंच, अरुंद आणि असमान आहेत. गुडघे दुखत असतील किंवा उंचीची भीती वाटत असेल तर वरच बसा, यात कमीपणा काही नाही. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी हे तिकीट काढतानाच ठरवावं. व्हीलचेअरची सोय फक्त वरच्या बाजूला आहे आणि ती आधी कळवून ठेवावी लागते. प्रयोग संपल्यावर याच पायऱ्या अंधारात चढायच्या असतात, तेव्हा छोटी टॉर्च खिशात हवी.

खाणं बरोबर नेता येतं आणि बहुतेक लोक तेच करतात. पसारा न होणारं न्यावं. मेथीचे पराठे किंवा चटणी सँडविच उत्तम, आणि थर्मासमध्ये चहा. डबा उघडा ठेवून गप्पा मारू नका. कॉर्नवॉलचे सीगल हातातला घास पळवण्यात तरबेज आहेत.

हे सगळं उभं कसं राहिलं, ते प्रयोगाआधी तिथल्या प्रदर्शनात अर्धा तास घालवून जरूर पाहा. रोवेना केड या बाईंनी हा कडा शंभर पौंडांना घेतला होता. 1929 साली गावच्या हौशी मंडळींनी जवळच्या एका कुरणात ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ केलं. पुढचं नाटक ‘द टेम्पेस्ट’ ठरलं, तेव्हा केडबाईंनी घराखालचा कडाच देऊ केला. माळी बिली रॉलिंग्ज आणि आणखी एक कामगार यांना हाताशी धरून त्यांनी दगडमाती हलवली आणि 1932 साली पहिला प्रयोग झाला. उजेड होता बॅटऱ्यांचा, मोटारींच्या दिव्यांचा आणि घरातून ओढलेल्या जेमतेम विजेचा. नंतर खालच्या किनाऱ्यावरची वाळू वर वाहून आणून त्या काँक्रीट कालवत राहिल्या आणि ते ओलं असतानाच जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने त्यावर नक्षी आणि नाटकांची नावं कोरत राहिल्या. हे काम ऐंशी ओलांडल्यावरही चालू होतं. बसण्यापूर्वी आपल्या कट्ट्याच्या पाठीवर कोणतं नाटक आणि कोणतं साल आहे ते वाचा.

दुपार मोकळी असेल तर खालच्या दरीतलं तारायंत्राचं संग्रहालय मुंबईकरांनी चुकवू नये. 1870 साली मुंबईला ब्रिटनशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या तारेचं इकडचं टोक याच पोर्थकर्नोच्या वाळूत वर आलं होतं.

पोहोचणं सोपं आहे, परतणं नाही. लंडन पॅडिंग्टनहून पेन्झान्सला रेल्वेने पाच तासांहून थोडं जास्त लागतं आणि पेन्झान्सहून पोर्थकर्नो सुमारे पंधरा किलोमीटर. उन्हाळ्यात दिवसा बस असते, पण प्रयोग संपतो दहाच्या पुढे. तेव्हा परतीची टॅक्सी जाण्यापूर्वीच, शक्यतो दोन दिवस आधी ठरवून ठेवा. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे ‘तिथूनच अॅपवरून बोलवू’ हा बेत धरू नये. गाडीने येणाऱ्यांनी शेवटच्या काही किलोमीटरला ठरल्यापेक्षा वीसेक मिनिटं जास्त धरावीत. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, समोरून गाडी आली की कुणीतरी मागे घ्यायचं, आणि किनाऱ्यावरून थिएटरकडे जाणारा शेवटचा चढ तर वळणासकट अंगावर येतो. किनाऱ्यावरून पायवाटेनेही वर येता येतं, पण त्या पायऱ्या चांगल्याच उभ्या आहेत. पोटभर जेवून, उशी-घोंगडी काखोटीला मारून चढायच्या नाहीत. प्रयोगानंतर गाड्यांची रांग बाहेर पडायला वेळ लागतो. उरलेला चहा त्या वेळेसाठी ठेवा.