गावातली अभ्यासिका : ५०० रुपयांत काय भेटतं अन काय नाही

पुण्याहून परत आलेले पोट्टे अन इथलेच बारावी झालेले लहान भाऊ नेहमी विचारतात, दादा अभ्यासिका कशी आहे, जॉइन करू का. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

तर अभ्यासिका आहे बसस्टँडच्या मागं, कृषी केंद्राच्या वरच्या माळ्यावर. नाव टाकत नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेच्या लाइनीवरचं आपलं तालुक्याचं गाव, इथं अभ्यासिका दोनच, अन दुसरीला जिनाच नाही, त्यामुळं ज्याला समजायचं त्याला समजलं असेल. शिवाय खालच्या दुकानातून आमच्या घरी सोयाबीनचं बियाणं अन खत येतं, तेही माल निघाल्यावर पैसे देऊ या बोलीवर, म्हणून पाचपैकी किती स्टार असलं काही मला विचारू नका.

फी महिन्याला ५०० रुपये, लॉकर पाहिजे तर १०० वेगळे. सकाळी ६ ते रात्री ११. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला एक एलईडी, एक चार्जिंगचा पॉइंट (मधल्या रांगेतले अर्धे बंद) अन प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची हाच मोठा प्रॉब्लेम आहे, दोन तासांत पाठ बोलायला लागते, म्हणून जुने मेंबर घरून उशी आणतात, अन उशी आली की जेवण झाल्यावर काय होतं ते सांगायची गरज नाही. माझ्या कप्प्यात आधी कोण बसून गेला माहीत नाही, पण त्यानं प्लायवर पेनानं महाराष्ट्राचे ३६ जिल्हे लिहून ठेवलेत, वाशिम दोनदा आहे अन भंडारा नाहीच. त्याच्या खाली "पुढच्या दिवाळीले वर्दीत" अन त्याच्याही खाली दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात "कोणत्या दिवाळीले?"

पेपर तीन येतात पण शब्दकोडं कोणीतरी सकाळीच भरून ठेवतो. पाणी आरओच्या कॅनचं, ते बरं आहे. वायफाय आहे असं बोर्डावर लिहिलंय.

उन्हाळ्यात लोखंडी डेझर्ट कूलर लावतात, एकच, पण दणदणीत. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं अन हवा एकदम कोरडी, त्यामुळं ताट्या ओल्या झाल्या की आत खरंच गार होतं, घरी पत्र्याखाली उकडून निघण्यापेक्षा माणूस इथं स्वर्गात बसल्यासारखा बसतो. पण मिरग लागला की तोच कूलर काही कामाचा नाही, हवेतच ओल असली तर ताटीवरचं पाणी उडणार कुठं, नुसती चिकचिक होते, वहीची पानं मऊ पडतात अन बॉलपेन उमटत नाही. तरी काका (अभ्यासिका अन खालचं दुकान त्यांचंच) तो जुलैपर्यंत चालूच ठेवतात कारण लोकांनी फी कूलरची म्हणून दिलेली असते.

लाइट गेली की इन्व्हर्टरवर दिवे अन पंखे चालतात, कूलर नाही. त्याची घरघर थांबली की खरं कळतं आपण किती शांत गावात राहतो. खाली कोणी डीएपी खत आलं का विचारतोय तेही वर ऐकू येतं, मागच्या रांगेतला कोणाशी बोलून राह्यला अन ती काय म्हणते हेही अर्ध्या हॉलला समजतं. पोस्टरवर लिहिलंय "शांत व प्रसन्न वातावरण". गाव शांत आहेच, त्यात काही खोटं नाही, दुपारी १ ते ४ मेन रोडवर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण अशा गावात जो आवाज होतो तो एकटाच होतो, म्हणून डोक्यात जातो. पुण्यात चोवीस तास ट्रॅफिक, कान त्याचा नाद सोडून देतात, इथं एक भंगारवाला भोंगा लावून गल्लीत शिरला की टिनटप्पर-प्लास्टिकपासून जुन्या बॅटरीपर्यंत त्याची सगळी लिस्ट पाठ होते अन राज्यघटनेची कलमं राहून जातात. लग्नसराईत बँड, कापसाच्या सीझनला जिनिंगकडं जाणारे ट्रॅक्टर, गाणं फुल. त्याला काकाही काही करू शकत नाहीत, ते मार्क मी कापत नाही.

मार्क कापतो ते वासाचे. जुलै-ऑगस्टमध्ये खाली फवारणीच्या औषधाचे डबे उतरतात अन जिना वासानं भरून जातो. २०१७ ला आपल्याच जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी अन मजूर गेले, तेव्हापासून कपड्याला हा वास आला की आई आधी आंघोळीला पाठवते मग चहा देते. काकांना सांगितलं तर त्यांनी एक्झॉस्ट फॅन लावला, पण गोडाऊनमध्ये. जिन्यात नाही.

मुलींची रूम वेगळी आहे, स्वच्छ आहे, आमच्यापेक्षा बरी. पण त्यांची वेळ संध्याकाळी ७ पर्यंतच अन फी तेवढीच. माझ्या बहिणीनं विचारलं की चार तास कमी तर पैसे कमी का नाही, तर काका म्हणे, "अवो बाई, ७ चा नियम मी नाही केला, तुमच्याच घरच्यांनी येऊन सांगतला." ती म्हणे मग घरच्यांकडूनच घ्या फी. ते हसले. फी तेवढीच आहे.

आता एवढं सगळं असून मी पैसे का भरतो. खरं सांगू का, ५०० रुपये मी खुर्चीचे देतच नाही. आपल्यासारख्या गावात डिग्री झाली, वय सव्वीस-सत्तावीस झालं अन माणूस घरी दिसला की ओट्यावरची प्रत्येक मावशी विचारणार, "काय बाप्पा, काय करून राह्यला सध्या?" पानठेल्यावर उभं राहिलं तर पोट्टा वाया गेला, शेतात गेलं तर शिकून काय फायदा झाला, अन घरातच बसलं तर बाबांना बाजारात गाठून विचारतात, मायबापाचा जीव अर्धा होतो. पाठीवर बॅग टाकून सकाळी ८ ला जिना चढला की हे सगळं बंद. "अभ्यासिकेत जाते पोरगा" हे उत्तर गावाला चालतं, कोणता पेपर, कधी आहे, जाहिरात तरी आली का, असं पुढं कोणी विचारत नाही. जायला एक जागा झाली, एवढ्यासाठी मी ५०० काय ७०० पण देईन (काकांनी हे वाचू नये). फक्त एक, दोन दिवस जिन्यावर दिसलं नाही तर तिसऱ्या दिवशी दूधवाला घरी विचारतो, बरं नाही का म्हणून.

पुण्यात हा प्रकार नाही. नवी पेठेत कॉट, मेस, अभ्यासिका अन चहा धरून दहा-बारा हजार सहज उडतात, पण तिथं काय करून राह्यला असं कोणी विचारत नाही, सगळे तेच करून राह्यले. इथं डबा घरचा, भाकर अन वांग्याची भाजी, वाटलं तर घरी जाऊन जेवून अर्ध्या तासात परत. पैशाचा हिशोब लावला तर गावच बरं. पण एमपीएससीची राज्यसेवा करणाऱ्यानं नीट विचार करावा. २०२५ पासून मुख्य परीक्षा लेखी झाली, ९ पेपर, १७५० मार्क, पानंच्या पानं लिहायची, अन लिहिलेलं तपासून देणारा इथं कोणी नाही. मी एकदा निबंध शेजारच्याला वाचायला दिला तर तो म्हणे अक्षर मस्त आहे भाऊ.

बाकी इथं गर्दी पोलीस भरती अन सरळसेवावाल्यांची. भरतीवाले पहाटे १६०० मीटर मारतात, मैदानी ५० मार्कांची आहे, त्यांना पर्याय नाही, ८ ला इथं येतात अन ९ ला डेस्कवर डोकं ठेवतात. पोरं चांगली आहेत, घोरणारा एकच आहे. तलाठीची २०२३ ला ४६४४ जागांची भरती आली होती तेव्हा ओपनला फी १००० रुपये होती, म्हणजे इथले दोन महिने एका फॉर्ममध्ये गेले, त्यावर जुने मेंबर अजून शिव्या घालतात.

डिस्कशन रूम नाही. डिस्कशन करायचं तर सगळे संध्याकाळी शकुंतलेच्या पटरीवर जाऊन बसतात, नॅरोगेज, गवत वाढलेलं, बाभळी आल्या. १९२१ ला मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या लाइनीवर १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं, मग गाडीच बंद. तिथं बसून एकमेकांना जीके विचारायचं अन वर्धा-नांदेडची नवी लाइन आपल्या बाजूला केव्हा येते यावर भांडायचं, वर्धा ते कळंब २०२४ ला सुरू झाली तेव्हा तर दोन गट पडले होते.

जॉइन व्हायचं असलं तर जून सोडून केव्हाही या, जूनमध्ये काका बियाण्याच्या गर्दीत असतात, फोन उचलत नाहीत, सरळ काउंटरवर जा. कूलरच्या समोरच्या सीट मागू नका, त्या भरलेल्या आहेत अन सुटणाऱ्या नाहीत. भिंतीकडची शेवटची रांग घ्या, तिथले पॉइंट चालू आहेत. अन ऑनलाइन पैसे टाकले तरी रजिस्टरवर एंट्री करून घ्या, काकांचा पोरगा विसरतो अन मग महिन्याच्या शेवटी परत मागतात.