वाशीतला इनडोअर गोल्फ क्लास: सर भारी, मॅट बेकार

जन्मभर टेनिस बॉल क्रिकेट खेळलेल्या माणसाने गोल्फला हात लावू नये, मनगटं ऐकतच नाहीत. माझं सात नंबरचं आयर्न (गोल्फची काठी, म्हणजे क्लब, त्यातलाच एक प्रकार) एकदा मस्त बसायचं आणि पुढचे चार बॉल नुसते सरपटत जायचे, म्हणून वाशीतल्या एका सिमुलेटरवाल्याकडे (खोलीतच पडद्यावर बॉल मारायचा) सहा सेशन घेतली. नाव टाकत नाही, पुढे तक्रारपण आहे.

सर शिकवतात भारी. पहिल्याच दिवशी क्लबच्या तोंडावर फूट पावडरचा स्प्रे मारला, दहा बॉल मारायला लावले आणि दाखवलं, सगळे ठसे हीलकडे, म्हणजे दांड्याजवळच्या बाजूला, मधोमध फक्त एक. "दादा, ताकद नंतर, आधी बॉल कुठे लागतोय ते बघा." मग बॉलच्या मागे वीतभर अंतरावर घडी केलेला टॉवेल, त्याला धक्का न लावता बॉल मारायचा, म्हणजे क्लब आधी बॉलला आणि मग जमिनीला लागतो. वजन डाव्या पायावर गेलं नाही की टॉवेल उडालाच, माझा तर शेजारच्या काकांच्या चहापर्यंत गेला.

तक्रार मॅटची, म्हणजे ज्यावरून बॉल मारतो त्या नकली गवताची. एक तर झिजलीये, त्यात मॅटवर बॉलच्या मागे आपटलेला क्लबसुद्धा घसरत पुढे जातो आणि शॉट बरा वाटतो. खारघरला सिडकोच्या कोर्सवर खऱ्या गवतात मारलं तेव्हा कळलं, मातीचं ढेकूळ बॉलपेक्षा लांब! एसीपण धड चालत नाही. टॉवेल मात्र आता रोज गच्चीवर, वीस स्विंग, बॉल नसला तरी.