झोप ओळखणारा मनगटी पट्टा: 2 महिन्यांनंतर, 5 पैकी 3 स्टार

अंधेरीहून एअरपोर्टची टॅक्सी चालवतो, नाइटलाच, आणि पहाटे 3 ते 5 मध्ये डोळे असे जड होतात की काय सांगू, म्हणून बायकोने हट्टाने हा घ्यायला लावला. कंपनीचं नाव नको, उगाच भांडण.

आधी कानात अडकवायचं यंत्र होतं, मान खाली गेली की कर्कश बोंबलायचं. पण मान पडते तोवर डुलकी लागलेलीच असते ना राव, 80 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते! वर सुट्टे मोजायला वाकलो तरी पीं पीं, मागचा पॅसेंजर दचकून उठायचा.

हा जरा हुशार आहे. खालून हिरवा लाइट मारून नाडी बघतो, ठोक्यांमधलं अंतर कसं बदलतंय त्यावरून अंदाज बांधतो आणि थरथरतो. अंदाजच बरं का. परवा पनवेलचं भाडं, अटल सेतूवर 21.8 किलोमीटर ना सिग्नल ना खड्डा, मला जांभयांवर जांभया आणि ॲपमध्ये आपलं ‘फ्रेश’! नंतर कळलं पट्टा सैल होता, घामाने सरकला की रीडिंग गंडतं. मनगटाच्या हाडाच्या जरा वर, एक भोक आत घेऊन बांधा.

कस्टमर केअरचं एकच, ‘रिस्टार्ट करा’. चार्जिंग मात्र 4 दिवस टिकतं.

थरथरला की मी जागा बघून गाडी लावतो, आधी कटिंग मारतो, मग 20 मिनिटं सीट मागे. चहा चढायला तेवढाच वेळ लागतो.