विमानाचे अंतर सांगणारे संकेतस्थळ: अंतराला खरे, वेळेला कच्चे

मुलीला टोरांटोच्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्यापासून आर्वीजवळच्या आमच्या गावात भेटेल तो एकच विचारत होता, की ते गाव किती लांब आणि पोचायला तास किती. उत्तर मिळावे म्हणून मी दोन विमानतळांमधील अंतर मोजून देणारे एक मोफत संकेतस्थळ महिनाभर वापरले.

देवनागरीत लिहिलेले नाव ते ओळखत नाही. शहराचे नाव टाकण्यापेक्षा विमानतळाचे तीन अक्षरी संकेत टाकणे बरे, कारण टोरांटोला दोन विमानतळ आहेत आणि मी पहिल्यांदा शहरालगतचा छोटा विमानतळ निवडून बसलो होतो. नागपूरचा संकेत एनएजी, दिल्लीचा डीईएल आणि टोरांटोच्या मोठ्या विमानतळाचा वायवायझेड.

अंतराच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा नाही. नागपूर ते दिल्ली सुमारे 855 आणि दिल्ली ते टोरांटो सुमारे 11,640 किलोमीटर असे उत्तर आले. अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत कमी अंतर काढले जाते, हे पडताळण्यासाठी मी शाळेतला पृथ्वीगोल मागून आणला आणि दिल्लीवर एक टोक दाबून टोरांटोपर्यंत दोरा ताणला. सपाट नकाशा पाहून टोरांटो पश्चिमेला आहे असेच वाटते. पण दोरा दिल्लीहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघाला, कझाकस्तान आणि रशिया ओलांडून आर्क्टिक वृत्तात शिरला आणि ग्रीनलंडवरून खाली कॅनडात उतरला. शेजारचे कास्तकार काका बराच वेळ दोऱ्याकडे पाहत राहिले.

वेळेचे गणित मात्र फसवे आहे. ताशी 850 किलोमीटर वेग धरून आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवून संकेतस्थळाने जाताना आणि येताना सारखेच, सव्वाचौदा तास सांगितले. तिकिटावरचा जातानाचा वेळ याहून बराच जास्त निघाला. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे मुंबईहून लंडनला जायला परतीपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यापासून दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा पडतो. यातले काहीही या गणितात धरलेले नाही. टोरांटोचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, तो फरकही आपणच जुळवायचा.

म्हणून अंतरासाठी हे संकेतस्थळ खुशाल वापरावे, पण दिल्लीत विमान बदलण्याची वेळ त्यावरून ठरवू नये. आम्ही तिकिटावरची वेळ धरली, दिल्लीत सहा तास हाताशी ठेवले आणि आर्वीहून नागपूरला जाणारी एसटी आदल्या दिवशीची पकडली.